मांजरांच्या नावावर

"हे काय? कुणी ओरबाडलं?"

डॉक्टरणीने तिचा डावा हात उलटा केला, सुलटा केला, बाजारात बटाटा निवडताना बघतात तसा उजेडाकडे धरला. तर्जनीच्या पहिल्या पेरावर बारीक लाल रेघा होत्या, काही ताज्या, काहींवर खपली धरलेली, आणि मधूनमधून काळपट ठिपके. शेजारच्या खुर्चीवर धाकटा भाऊ तिची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता, दोन्ही बंद घट्ट धरून, जणू दवाखान्यात पाकीटमार फिरत होते. मग तिच्या तोंडातून ते आपोआप बाहेर पडलं. गेले कित्येक महिने ज्याला त्याला सांगून सांगून ते जिभेवर तयारच असायचं. "मांजरं आहेत घरात. दोन."

"मांजरं?" डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. न्हाणीघरात मगर आहे असं सांगितलं असतं तरी तिचा चेहरा याहून वेगळा झाला नसता. "मावशी, नीट ऐका. तुमचं शरीर तुमच्याच सांध्यांशी भांडतंय. हे नवं इंजेक्शन ते भांडण थांबवतं. पण मग बाहेरून कुणी घुसलं तर त्याच्याशी भांडायलाही आत फारसं कुणी उरत नाही. नुसती मांजरं असती तर मी म्हटलं असतं असू देत, हात धुवा, त्यांची घाण दुसऱ्या कुणाला काढू द्या. पण ही तर तुम्हाला रोज फाडताहेत. एक ओरखडा पिकला ना, तर हाताचं सोडाच, जिवावर बेतेल. ती घरात आहेत तोवर मी हे सुरू करणार नाही."

मावशी. कुणाची मावशी? हिच्या आईला आपण कधी भेटलो होतो? आजारी बाईला नाव नसतं, तिला नातं चिकटवतात, म्हणजे अंगात सुई खुपसताना घरचंच काम केल्यासारखं वाटत असावं. हे सगळं तिच्या मनात आलं आणि तिथेच राहिलं, कारण भाऊ तेवढ्यात म्हणाला, "होईल, होईल. मांजरांचं मी बघतो." त्याच्या आवाजात चक्क आनंद होता. इतके दिवस बहिणीच्या दुखण्याशी दोन हात करायला त्याच्या हाती काही लागत नव्हतं. आता दोन मांजरं लागली होती.

बसमध्ये तो बोलतच राहिला. त्याच्या एका मित्राचं शहराबाहेर धान्याचं गोदाम होतं, तिथं उंदरांनी उच्छाद मांडला होता, मित्राला मांजरं हवीच होती. "तिथं चैन आहे त्यांची, ताई. उंदीरच उंदीर."

"आमच्या फौजदार बोक्याने जन्मात उंदीर बघितलेला नाही. दिसला तर बसायला जागा देईल त्याला."

"शिकेल. पोटाला लागलं की सगळे शिकतात." मग जरा थांबून, खिडकीबाहेर बघत, हळूच: "अगं, हात की मांजर असा प्रश्न आहे. असल्या प्रश्नावर कुणी विचार करत बसतं का?"

"तुला कुणी म्हटलं पाय की बायको, तर?"

"मी विचारून सांगेन."

"कुणाला?"

"बायकोला."

ती हसली. हसताना जबड्याचा सांधा दुखला, कारण आता तिथेही दुखणं पोचलं होतं. भाऊ वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. वाईट असता तर त्याला घालवून देता आलं असतं. तो रविवारी सकाळी टोपली घेऊन येणार होता. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. बसच्या दांड्याला धरलेला आपला हात बघत बसली. बोटं करंगळीच्या बाजूला कलू लागली होती, वाऱ्याने एका अंगाला झुकलेल्या गवतासारखी, आणि तिला वाटलं, वारा कुठला? वारा तर कुठेच नाही. घरात खिडक्या लावून बसणाऱ्या बाईच्या हाताला इतका वारा लागला कुठून?

मांजरांनी तिला कधीही ओरबाडलं नव्हतं. खरी गोष्ट एवढीच होती आणि ती तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. ती रफूचं काम करायची. समोरच्या लाँड्रीत फाटलेलं, जळलेलं, कसरीने खाल्लेलं जे काही येई ते लाँड्रीवाला रस्ता ओलांडून तिच्याकडे आणून टाकी, आणि ती ते असं बुजवून देई की मालकालाही जागा सापडू नये. कपड्याच्याच आतल्या दुमडीतून धागे ओढून काढायचे, भोकावर आधी उभे धागे ताणायचे, मग एक वर एक खाली असे आडवे विणत न्यायचे. वरच्या हातात सुई असते, पण खरं काम खालचा हात करतो. कापडाखाली डाव्या हाताची तर्जनी उघडी धरायची, सुईचं टोक कापडातून उतरलं की ते तिला कळलं पाहिजे, टेकलं न टेकलं तोच परत वर जायला पाहिजे. डोळ्यांना वरची बाजू दिसते, त्या बोटाला खालची. त्यावर शिंप्यासारखं टोपण चढवलं तर डोळ्यावर पट्टी बांधल्यासारखंच. आणि आता उजव्या चिमटीत सुई राहत नव्हती. जोर कमी पडे म्हणून ती जास्त लावी, जास्त लावला की सुई सुटे, आणि सुटली की खाली वाट बघत असलेल्या बोटात शिरे. कधी नुसती घसटून रेघ ओढी. तीस वर्षांत त्या बोटाला जितकं लागलं नव्हतं तितकं या वर्षात लागलं.

पहिल्यांदा रक्त कापडाला लागलं ते एका पांढऱ्या शालीला, उलट्या बाजूने, राईएवढं. लाँड्रीवाल्याच्या डोळ्यांतून डाग सुटत नाही, त्याचा धंदाच तो. "बाई, हे काय?" त्याने बोट दाखवलं, मग तिच्या बोटाकडे बघितलं. खिडकीत फौजदार पाय पोटाखाली घेऊन झोपला होता, सगळ्या जगाने त्याला पगार द्यावा अशा ऐटीत. "त्याने ओरबाडलं," ती म्हणाली. लाँड्रीवाला मोकळा झाला, हसला. "घाला की पेकाटात लाथ एक. फुकटचं खातो वर मालकिणीला फाडतो." इतकं सोपं होतं ते. पुढे ती नवीन जखम झाली की स्वतःच सांगू लागली, कुणी विचारायच्या आधीच. फौजदार गुंड ठरला. दुसरी, खुळी, तर साधी, नळावरून पडून लहानपणीच डोकं एका बाजूला कललेली, उडी मारायची खुर्चीवर आणि पोचायची खुर्चीशेजारी. पण तिच्याही नावावर दोनचार ओरखडे टाकावे लागले, कारण एकट्या फौजदाराला एवढं काम झेपलं नसतं. भावजय आली की पाय खुर्चीवर घेऊन बसायची. "वन्सं, ही जनावरं एक दिवस तुमचा गळा धरतील हो." मांजरांना आपल्या बदनामीची वार्ताही नव्हती. तीच भावजयीच्या खुर्चीशी जाऊन अंग घासायची, आणि भावजय किंचाळायची.

सकाळी मात्र खोटं बोलायला जागाच नसे, कारण सकाळी ती पुरती नसेच. जाग यायची ती एकदम सगळ्या बाईला येत नसे. आधी डोळ्यांना, मग कानांना, खालच्या रस्त्यावर लाँड्रीचं शटर वर जाताना ऐकू येई, मग फार उशिराने कळे की पांघरुणावर दोन मुठी पडल्या आहेत आणि त्या आपल्या आहेत. रात्रीतून कुणीतरी तिचे हात काढून नेले आणि ओल्या मातीचे करून परत ठेवले, तशा. उघडायचं म्हटलं तर हुकूम खांद्यापर्यंत जाई, कोपरापर्यंत जाई, आणि मनगटाशी दार बंद असे. मग ती दोन्ही मांजरं यायची. बोलवावं लागत नसे. फौजदार पलंगावर चढून आधी सगळी तपासणी करी, उशी हुंगी, औषधाची वाटी हुंगी, तिच्या तोंडाचा वास घेई, रात्री काही गुन्हा घडला का याची खात्री झाली की उजव्या मनगटावर पोट टेकून बसे. खुळी डाव्या हाताचा नेम धरून उडी मारी, उशीवर पडे, आणि तिथून घरंगळत ठरल्या जागी येई. आणि घुरघुर सुरू होई. ती कानाने ऐकायची गोष्टच नव्हती. ती मुठीत शिरे, बोटांच्या आतल्या हाडांतून चाले, कुठेतरी लांब जिन्याखाली कुणी धान्य दळतंय तशी, आणि ऊब हळूहळू सांध्यांच्या फटींतून वर चढे, आणि ती परत झोपेच्या कडेला घसरे, जिथे पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं बसता येतं.

त्या कडेवर एक कापड होतं. राखी रंगाचं, फार मोठं, त्याला किनार नव्हती. घरं त्याच्यावर ठेवलेली होती, दवाखाना, गोदाम, बस. त्याला जागोजागी भोकं होती आणि भोकांतून खालचा उजेड वर येत होता. ती एका भोकाच्या काठाशी बसली होती. उभे धागे ताणून झालेले होते, आणि त्या धाग्यांवरून फौजदार सावकाश चालत पलीकडे जात होता, एक पाय एका धाग्यावर, धागा जराही न वाकवता. ती म्हणत होती, थांब, अजून आडवे व्हायचेत, पडशील. तो वळून बघायचा. त्याच्या नजरेत रागही नसे, कीवही नसे. डॉक्टरणीच्या डोळ्यांत कीव होती, भावाच्या डोळ्यांत होती, लाँड्रीवाल्याच्या डोळ्यांत ती यायची बाकी होती. या दोघांच्या डोळ्यांत नुसती ती होती, लहान, उलटी, पिवळ्या काचेत बसवलेली, आजार वगैरे काही न झालेली. मग करंगळी सुटायची. मग तिच्या शेजारचं बोट. अंगठा सगळ्यात शेवटी, जावई रुसून बसल्यासारखा. हात परत मिळायचे, पण भाड्याने आणल्यासारखे, संध्याकाळच्या आत परत करायचे अशा बोलीने.

आईचे हात शेवटपर्यंत सरळ राहिले. याचा तिला अलीकडे राग येऊ लागला होता, मेलेल्या माणसावर येऊ नये असा. काम आईने शिकवलं. लहानपणी ती टेबलाखाली पडून असे, वर आईचे गुडघे, आणि कापडाखाली वाट बघत असलेलं आईचं ते एक बोट, न हलणारं, ऐकत असल्यासारखं. गिऱ्हाईक आलं की आई कापड झाकून ठेवी आणि हात मांडीवर घेऊन बसे, दिवसभर रिकामीच असल्यासारखी. गिऱ्हाईकासमोर टाका घालायचा नाही, हा आईचा नियम होता, आणि आईला तो तिच्या आईकडून आलेला. "भोक दाखवायला लोक येतात. बुजवताना त्यांनी बघितलं की त्यांना ती जागा कायमची दिसत राहते." म्हणून त्यांच्या घरात तीन पिढ्या कुणी बायकांना काम करताना बघितलंच नाही. आपण केलेलं दिसू नये यासाठीच लोक पैसे मोजायचे, आणि न दिसणाऱ्या कामाची आठवण कोण ठेवतो? नवऱ्यानेही ठेवली नाही. तो दुसरीकडे रमला, जाताना रफू केलेले दोन्ही सदरे अंगावर आणि पिशवीत घेऊन गेला, आणि नव्या बाईला ते कळलंही नसणार. इतकं चोख काम होतं. पूर्वी तिला याचा अभिमान वाटे. आता अंथरुणात, मुठी दोन मांजरांखाली ठेवून पडलेली असताना, तिला वाटे की हा सगळा एक मोठा चावटपणा आहे. जग फाटतं, बायका बुजवतात, आणि जग म्हणतं, फाटलंच कुठं होतं?

त्या आठवड्यात लाँड्रीवाल्याने एक तपकिरी लोकरी कोट आणला. छातीवर सिगारेटने जळालेलं भोक, अगदी समोर, लपवायला खिसा नाही की घडी नाही. "रविवारी न्यायला येतो. गिऱ्हाईक म्हणतं, तुमच्या त्या बाईंच्याच हातचं पाहिजे. मी म्हटलं, त्यांच्या हाताला शहरात दुसरा हात नाही." मग खिडकीकडे बघून, "काय रे गुंडा, आज कुणाला फाडलं?" फौजदाराने जांभई दिली. ती कोट हातात घेऊन तशीच बसून राहिली. तिला सांगायचं होतं की हा इथं ठेवू नका, न्या, दुसरीकडे न्या. पण "त्यांच्या हाताला दुसरा हात नाही" हे वाक्य तिच्या अंगावर उबदार कोटासारखंच बसलं होतं, आणि ते काढून ठेवायला जीव होईना.

दुपारी ती बसली. खिडकीशी, उजेडाकडे पाठ करून, उशी मनगटाखाली. उभे धागे कसेबसे ताणले, अगदी सरळ नाही, पण ताणले. आडव्यांना सुरुवात केली आणि तिसऱ्या चौथ्या फेरीत सुई सुटली. बोट तोंडात घातलं. रक्ताची चव लहानपणच्या नळाच्या पाण्यासारखी होती. परत धरली, परत सुटली. मग अंगात कणकण भरली. दुखण्याबरोबर तीही यायची, संध्याकाळच्या पाहुण्यासारखी दुपारीच येऊन बसायची. खोलीतल्या वस्तू एकमेकींपासून जरा लांब सरकल्या. टेबल तिकडे गेलं. घड्याळाची टिकटिक भिंतीच्या पलीकडून येऊ लागली. खुळी कोटावर येऊन बसली, तिने तिला उठवलं नाही. आणि डोळे मिटल्यावर तिला धान्याचं गोदाम दिसलं, तिने कधी न बघितलेलं, पत्र्याचं छप्पर, उन्हाच्या तिरप्या पट्ट्या, पोत्यांच्या थप्प्या आकाशापर्यंत. खुळी एका थप्पीवरून दुसरीवर उडी मारायला निघाली होती, डोकं कललेलं, नेम चुकलेला. ती पडत होती, पडतच होती, त्या पडण्याला तळ नव्हता. फौजदार दाराशी बसून येणाऱ्या प्रत्येक माणसाचा बूट हुंगत होता. हा नव्हे. हाही नव्हे. आणि ती इथे, नवं औषध भरलेले सरळ हात, आईसारखे, एकही गाठ नसलेले, आणि सकाळ झालेली, आणि मुठी आपोआप उघडलेल्या, आणि पांघरुणावर काहीच नाही. ती त्या सरळ हातांकडे बघत होती. ते काम करत होते, भराभर, कोणतंच बोट तिला ओळखत नव्हतं.

जागी झाली तेव्हा तिला एक गोष्ट स्वच्छ कळली होती, कणकण असताना काही गोष्टी स्वच्छ कळतात तशी. डॉक्टरीण काही बिनडोक नव्हती. ती म्हणाली होती, नुसती मांजरं असती तर असू देत. मांजरांची अडचण नव्हती, ओरखड्यांची होती. ओरखडे सुईचे आहेत एवढं एक वाक्य बोललं की मांजरं राहतात, औषधही मिळतं. एकच वाक्य. पण ते वाक्य भावापाशी बोललं की भावजयीपाशी पोचतं, भावजयीपाशी पोचलं की ती कपडे धुवायला टाकते त्या लाँड्रीत पोचतं, आणि मग रस्ता ओलांडून एकही कोट येत नाही. सांगू डॉक्टरणीला गुपचूप? आणि सुई तशीच चालवत राहू, औषध घेऊन, जखमा पिकवत? म्हणजे मांजरांच्या नावावर टाकलेलं आता औषधाच्या नावावर टाकायचं. तिने खुळीला बाजूला केलं आणि कोट परत मांडीवर घेतला, आणि बराच वेळ सुई न उचलता त्या अर्धवट भोकाकडे बघत राहिली. भोकातून तिचं स्वतःचं बोट दिसत होतं, खाली, वाट बघत.

रविवारी भाऊ आला तो एवढी मोठी वेताची टोपली घेऊन, झाकणाची, आत जुना टॉवेल अंथरलेला. हातात कातडी मोजे होते, कोपरापर्यंतचे, मित्राच्या गोदामातून आणलेले. "हसू नकोस. मला दोन पोरं आहेत, दोन्ही डोळे पाहिजेत." ती हसली नाही. तो दबा धरून, गुडघ्यांत वाकून, खिडकीशी गेला, लहानपणी फुलपाखरं धरायला जायचा तसा. तेव्हाही एक सापडलं नव्हतं त्याला. दार उघडंच होतं, त्यातून लाँड्रीवाला आत आला आणि उंबऱ्याशीच थबकला. "अरे वा. अटक का आज?"

"काय करणार," भाऊ कुजबुजला, "डॉक्टरांचा हुकूम. हात बघा तिचा. ही असली जनावरं घरात असताना औषध सुरू करत नाहीत म्हणे."

"बरोबर आहे. मी केव्हाचं सांगतोय बाईंना." लाँड्रीवाल्याने दार लोटून घेतलं, गुन्हेगार पळू नये म्हणून. "मागून धरा. मानगुटीला."

भावाने डोळे बारीक करून झडप घातली. काहीच झालं नाही. फौजदार त्याच्या दोन कातडी हातांत ओल्या टॉवेलसारखा लोंबला, मागचे पाय लांब झाले, आणि त्याने तोंड वळवून मोज्याचा वास घेतला, मग जिभेने एकदा चाटून बघितला. भाऊ श्वास रोखून उभा. मांजराच्या पोटातून घुरघुर सुरू झाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतकी.

"बघा, बघा," लाँड्रीवाला म्हणाला. "माणसं बघितली की कसा साळसूद. ढोंगी लेकाचा."

तिला ते कानाखाली बसावं तसं बसलं. "ठेव त्याला खाली," ती म्हणाली.

"अगं, सापडलाय आता..."

"ठेव म्हणते ना. आणि बसा दोघं. इथं, समोर."

तिच्या आवाजात लहानपणी त्याची शेंडी धरणारी थोरली बहीण होती, भाऊ बसला. लाँड्रीवाल्याला ऐकायची सवय नव्हती, पण तोही टोपलीशेजारच्या स्टुलावर टेकला. तिने कोट मांडीवर ओढला. भोक वर केलं. डबीतून सुई काढली, आणि तिच्या लक्षात आलं की पहिल्यांदा कुणासमोर पदर सरकावा तसं काहीतरी लाजिरवाणं वाटतंय, आणि त्या लाजेच्या मागून एक जुना, गलेलठ्ठ राग येतोय, आईचा, आजीचा, तिचा स्वतःचा, सगळ्यांचा एकत्र मुरलेला. बघा. एकदाचं बघाच. तिने डाव्या हाताचं बोट कापडाखाली धरलं आणि उजव्या चिमटीत सुई घेतली. एक धागा वर, एक खाली, एक वर. खोलीत फक्त मांजराची घुरघुर. सुई सुटली. ती खाली गेली ते तिघांनीही बघितलं. तिने बोट बाहेर काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. जुन्या रेघेशेजारी नवी रेघ होती, आणि तिच्या टोकाशी रक्त हळूहळू गोल होत होतं.

"हा बघा गुंड," ती म्हणाली आणि सुई उचलून दाखवली. "मांजरांनी मला कधी नख लावलेलं नाही. ही लावते. वर्ष होत आलं. हात गेलाय माझा."

भाऊ एक मोजा काढू लागला, अर्धा काढून थांबला. "अगं, मग सांगायचं नाही का?" तो म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की नाही सांगितलं ते का, हे त्याला बोलता बोलताच कळलं होतं. लाँड्रीवाल्याने खाली बघितलं, मग कोटाकडे. त्याच्या डोळ्यांत ती वाट बघत असलेली गोष्ट आली, कीव. ती आली तशी गेलीही, कारण तो धंद्याचा माणूस होता आणि गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं.

"मग हा?" त्याने विचारलं.

"न्या. पुलाच्या पलीकडे एक म्हातारा आहे, रफू करतो. जाडं करतो, दिसतं, पण हात धड आहेत त्याचे."

"आणि आधी दिलेले ते दोन कपडे? तो पडदा?"

"तेही."

तो उठला. कपाटाजवळ जाऊन त्याने एकेक कपडा उचलून खांद्यावर टाकला. घाई केली नाही, आवाज केला नाही, मयताच्या घरातून भांडी उचलतात तसा. ती बघत होती. खांद्यावर कपड्यांचा ढीग झाला तेव्हा तिला वाटलं होतं त्यापेक्षा तो लहान होता. ती एवढ्याला भीत होती? दाराशी तो वळला. "शालीचं तेव्हा मला जरा वाटलं होतं, बाई," असं काहीतरी तो म्हणणार, आपण किती हुशार ते दाखवणार, म्हणून तिने दात आवळले. पण तो म्हणाला, "मी काल धुलाईत एक शर्ट जाळला. इस्त्रीने. माझं लक्ष नव्हतं." हे सांत्वन होतं की काय ते तिला समजेना. त्यालाही समजलं नसावं. "ही डबी पण न्या," तिने सुयांची डबी पुढे केली. "त्या म्हाताऱ्याला द्या. चांगल्या आहेत, त्याला इतक्या बारीक मिळत नसतील." त्याने डबी वरच्या खिशात टाकली आणि खांद्यावरच्या कपड्यांसह, तिरपा होऊन, दारातून निघून गेला. खिडकीतून तो रस्ता ओलांडताना दिसला, पडद्याचं टोक मागे लोळत होतं. कुणी सांगितलं नाही त्याला.

"आता खाणार काय तू?" भाऊ म्हणाला. रागावला होता, म्हणजे घाबरला होता.

"तुझं डोकं."

"थट्टा नको, ताई."

"थट्टा नाही. बघू. आजच्या दिवस नको विचारूस. उद्यापासून दोघं मिळून घाबरू."

तो नाक ओढून इकडे तिकडे बघू लागला, उचलायला काहीतरी शोधत. आणि टोपलीकडे वळला तर टोपलीत फौजदार होता. झाकणाच्या आत तपासणी करून, टॉवेल पायांनी मळून, गोल होऊन बसला होता, एक डोळा मिटलेला. खुळीने टोपलीच्या दिशेने उडी घेतली आणि भावाच्या बुटावर उतरली.

"हे बघ," भाऊ वैतागला. "धरायला गेलं तर... आता स्वतःहून बसलाय. मित्राची आहे टोपली."

"राहू दे आज. त्याला आवडली."

"आणि त्या डॉक्टरणीला काय सांगू मी?"

"सांग, ओरबाडणारं जे होतं ते घराबाहेर काढलं. इंजेक्शनची तारीख दे म्हणावं." मग, तो दारापर्यंत गेल्यावर: "आणि सांग, मावशी म्हणू नकोस म्हणावं."

जिन्यावर त्याची पावलं बराच वेळ खाली उतरत राहिली. दुपार झाली. मांडी रिकामी होती. इतक्या वर्षांत या खुर्चीत, या उजेडात, ती मांडीवर काही न घेता कधी बसली नव्हती, आणि मांडीला ते विचित्र वाटत होतं, पाहुणे गेल्यावर घराला वाटतं तसं. भीती आलीच. पुलापलीकडच्या म्हाताऱ्याच्या जाड टाक्यांची, महिन्याअखेरीची, भावजयीच्या गोड होणाऱ्या आवाजाची. ती भीती खोलीभर फिरली आणि एका कोपऱ्यात जाऊन बसली, जायचं नाव घेईना. खुळी मांडीवर चढायला निघाली, खुर्चीचा पाय चुकवून, भिंतीला टेकून, दुसऱ्या खेपेला चढली. तिने दोन्ही हात खुळीच्या पोटाखाली सरकवले, सकाळसारखे, पण ही सकाळ नव्हती आणि पुढे कुठलंही काम वाट बघत नव्हतं. ऊब आली. दळण सुरू झालं, कुठेतरी लांब, जिन्याखाली. राखी कापड डोळ्यांसमोर पसरलं, आणि त्यातली भोकं तिने तशीच राहू दिली. खालून छान उजेड येत होता. बोटं उघडली की नाही ते तिने बघितलं नाही.